रंजनाबाईंची पायाची गोळी

औषधाच्या दुकानात खुर्ची असते, पण ती गिऱ्हाइकासाठी. काउंटरच्या आतल्या माणसानं उभंच राहायचं असतं. नागपुरात धंतोलीत माझं मेडिकल एकतीस वर्षं चाललं. डाव्या हाताला दवाखाना, उजव्या हाताला दवाखाना, समोर रक्त तपासायची लॅब. वणीपासून गोंदियापर्यंतची माणसं हातात चिठ्ठी धरून यायची आणि प्रत्येकाची बस सुटत असायची. ज्याची बस सुटते आहे त्याच्याशी बसून कसं बोलणार? एकतीस वर्षं मी उभी होते, असंच म्हणा ना.

लोकांना वाटतं, डॉक्टरांची अक्षरं वाचून औषधवाल्याचे डोळे जात असतील. डोळ्यांना काही होत नाही. एका डॉक्टरसाहेबांनी तर स्वतःचीच जुनी चिठ्ठी माझ्याकडे पाठवली होती, ‘मी काय लिहिलंय ते कळवा’ म्हणून. मी कळवलं. जातात ते पाय. पायातलं रक्त वर चढवायचं काम शिरांचं. शिरांच्या आत छोट्या झडपा असतात, त्या रक्त वर जाऊ देतात आणि खाली येऊ देत नाहीत. वर्षानुवर्षं उभं राहिलं की या झडपा सैल होतात. रक्त खाली साचतं, शिरा फुगतात, वाकड्यातिकड्या होतात, आणि संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडतो. शिक्षिका, न्हावी, ट्रॅफिकचे पोलीस, लकडगंजच्या आरा मशीनवरचे कामगार, सगळे या एका दुखण्याचे भाऊबंद.

यावर पहिला उपाय म्हणजे घट्ट लांब मोजे. ते मी शेकड्यांनी विकले. पण मे महिन्यात नागपुरात ते मांडीपर्यंत चढवून दाखवावेत कोणीतरी! मी स्वतः दोन उन्हाळे प्रयत्न केला, तिसऱ्या उन्हाळ्यात कपाटात टाकले. मग कंपनीच्या एका माणसानं हॉर्स चेस्टनटच्या गोळ्यांची बाटली काउंटरवर आणून ठेवली.

हे एक थंड मुलखातलं झाड. घोड्याशी त्याचा काय संबंध, ते मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. त्याच्या बियांमधलं विष काढून टाकून अर्क काढतात आणि त्याच्या गोळ्या करतात. होमिओपॅथीवाले याच झाडाचे थेंब मूळव्याधीवर देतात, ती गोष्ट वेगळी. अर्काच्या गोळीनं पायाचं जडपण, ठणका आणि सूज काही जणांची कमी होते. फुगलेल्या शिरा काही जात नाहीत, त्यांचं ऑपरेशन किंवा लेझर करावं लागतं. मी दीड महिना घेतली. संध्याकाळी चप्पल घट्ट व्हायची ती होईनाशी झाली. पोट थोडं बिघडायचं, म्हणून जेवणानंतर घ्यायला लागले. मला गुण आला हे खरंच आहे, आणि पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळही तेच आहे.

या झाडाचं एक गिऱ्हाईक मी जन्मात विसरणार नाही. धरमपेठेतले एक निवृत्त गणिताचे प्राध्यापक. हिमालयात सहलीला गेले होते, तिथून पिशवीभर चकचकीत तपकिरी बिया घेऊन आले. काउंटरवर ओतल्या आणि म्हणाले, “बाई, तुम्ही बाटलीचे एवढे पैसे घेता, हे बघा, मी फुकट आणलंय. मिक्सरमधून काढतो आणि रोज चमचाभर घेतो. किती दिवस घेऊ?”

“एकच दिवस,” मी म्हटलं. “दुसऱ्या दिवशी तुम्ही ॲडमिट असाल.”

सर चिडले. नैसर्गिक आहे, झाडाचं आहे, वगैरे सगळं ऐकवलं. मी म्हटलं, सर, धोतराही झाडालाच लागतो. ही कच्ची बी विषारी आहे, उलट्या-जुलाब होतील, जास्त गेली तर त्याहून वाईट. तिकडचे डोंगरातले लोक पीठ करतात ते दिवसच्या दिवस वाहत्या पाण्यात धुऊन, मग खातात. तुमच्याकडे धरमपेठेत वाहतं पाणी किती वेळ असतं? यावर सर हसले. बिया मात्र परत भरून घेऊन गेले, शोकेसमध्ये ठेवायला. गणिताचा माणूस, फुकटची वस्तू टाकवेना.

आता रंजनाबाई. आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत त्यांची मेस होती. पेशंटला दवाखान्याचं जेवण मिळतं, पण त्याच्यासोबत आलेल्या माणसाला कोण विचारतो? तो व्हरांड्यात चादर टाकून पडलेला असतो. अशा माणसांना रंजनाबाई जेवू घालायच्या. पहाटे पाचपासून तव्यापुढे उभ्या, दुपारी स्वतः दवाखान्यांत डबे पोचवायच्या, संध्याकाळी पुन्हा तवा. माझा डबा दुपारी एकला यायचा, दहा-अकरा वर्षं. त्यात रोज एक पोळी जास्त. “मले एकच पुरते” म्हटलं तरी जास्त. बोलणं असं, की अर्ध्या धंतोलीच्या वॉर्डातल्या बातम्या मला डबा उघडायच्या आधी कळायच्या.

त्यांचे पाय माझ्याहून वाईट. एक दिवस काउंटरला धरूनच उभ्या राहिल्या.

“मॅडम, तुमचे पाय कसे काय उतरले? माझे पहा ना, हंड्यासारखे होऊन राहिले.”

मी मागच्या फळीवरून बाटली काढली आणि दिली. सकाळ-संध्याकाळ एक, जेवणावर. “बीपी, शुगर?” विचारलं. “काहीच नाही वं माय.” संपलं. या गोळीला चिठ्ठी लागत नाही. गर्भारपणात, मूत्रपिंडाच्या नाहीतर लिव्हरच्या दुखण्यात, शुगरच्या औषधांसोबत आणि रक्त पातळ करायच्या औषधांसोबत ती विचारल्याशिवाय घेऊ नये, हे मला पाठ होतं. रंजनाबाईंना यातलं काही नव्हतं. मग कायले सांगायचं? म्हणून सांगितलं नाही. ही बाटली तुमच्या एकटीची आहे, हेही सांगितलं नाही. आणि समोरची बाई कोण आहे? जिच्या हातून दिवसभर फक्त द्यायचंच काम होतं ती.

त्यांना गुण आला. त्या गोळीला त्यांनी ‘पायाची गोळी’ असं नाव ठेवलं. दुसरी बाटली नेली, तिसरी नेली.

चौथ्या वेळी त्या आल्या तेव्हा एप्रिल होता, दुपारी एकचा सुमार. डबा ठेवला आणि म्हणाल्या, “पायाची गोळी द्या एक बाटली.”

बाटलीत साठ गोळ्या, म्हणजे एका माणसाला महिना. मला आठवत होतं, मागची बाटली नेऊन अठरा-एकोणीस दिवसच झाले होते.

“रंजनाबाई, जास्त घेऊन राहिल्या का?” नागपुरात राहून माझ्याही तोंडात तीच भाषा येते.

“नाही बाप्पा! देवरावबाबाले देऊन राहिली ना. त्याची बुढी पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांपासून बाबा त्या लोखंडी खुर्चीवर बसून आहे. पाय पाहाल तर हे असे फुगले. म्या म्हटलं, बाबा, माझी गोळी घ्या. सकाळची माझ्यासमोर घेते, संध्याकाळची पुडीत बांधून देते.”

देवरावबाबा काटोलकडचे, पोस्टातून निवृत्त झालेले. बायकोसोबत आलेले. पेशंट बायको, म्हणून फाइल बायकोची. बाबांना काय आहे हे त्या अख्ख्या दवाखान्यात कोणी विचारायचं कारणच नव्हतं.

“बाबा दुसरं कोणतं औषध घेतात?”

“काहीच नाही. चांगला खडखडीत आहे बुढा. एक बारकी गोळी घेते फक्त संध्याकाळी. तेही कधी पूर्ण, कधी अर्धी मोडून. सोमवारी पूर्ण, मंगळवारी अर्धी, असं कॅलेंडरवर लिहलं आहे म्हणते. म्या म्हटलं, काय बाबा, गोळीतही कंजुषी करता का?”

इथे माझ्या धंद्याची थोडी बढाई मारते, मला मारू द्या. वार पाहून अर्धी आणि पूर्ण मोडून घ्यायची गोळी आमच्या फळ्यांवर फार नाही. ते ऐकल्याबरोबर मी विचारलं, “महिन्याला रक्त तपासतात का ते?”

“हाव. तुमाले कसं माहीत?”

“छातीवर टाके आहेत का?”

“आता बाबाची छाती मी कायले पाहू! पण काल दाढी करताना गाल कापला त्याचा. माय वं, काय रक्त! माझा अख्खा नॅपकिन भरला, थांबायचं नावच घेईना. काहून मॅडम? काय झालं?”

मी काउंटर बंद केला. गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना शेजारच्या दुकानात जा म्हटलं. एकतीस वर्षांत मी भर दुपारी शटर ओढलं ते एवढ्या एकाच वेळी. रंजनाबाई विचारत विचारत मागून येत होत्या. रस्ता ओलांडून, बाबांच्या दवाखान्याचे दोन जिने चढून गेलो.

बाबा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, पाय पुढे करून. मला पाहून नमस्कार केला. गालावर कापूस चिकटवलेला. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या तर दोन्ही दंडांवर निळेजांभळे डाग. हिरड्यांचं विचारलं, तर ब्रश केला की लाल होतं म्हणाले.

“बाबा, हृदयाचं ऑपरेशन झालं का तुमचं?”

“झालं ना, सहा वर्षं झाली. झडप बदलली. पण आता एकदम मस्त आहो मी.”

“आणि संडासचा रंग?”

बाबा रंजनाबाईंकडे बघून लाजले. मग हळूच म्हणाले, “दोन दिवसांपासून काळं होऊन राहिलं. वांग्याची भाजी खाल्ली, त्याचं असन.”

वांग्याचं नव्हतं. आत रक्तस्राव होत होता. मी त्यांना त्याच खुर्चीसकट कॅज्युअल्टीत नेलं. वॉर्डबॉय मामांना ओरडले, नर्सला ओरडले, त्या दिवशी मी सगळ्यांनाच ओरडत होते. रक्त तपासलं. ते जेवढं पातळ असायला हवं त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं.

झडप बदललेल्या माणसाचं असं असतं: त्या अर्ध्या-पूर्ण गोळीनं रक्त पातळ ठेवलं नाही तर झडपेवर गुठळी बसते आणि लकवा होऊ शकतो, आणि फार पातळ झालं तर ते कुठूनही वाहतं. वाहणं थांबवायला औषध द्यावं तर गुठळीची भीती. डॉक्टर दोन दिवस त्या मधल्या अरुंद वाटेवरून बाबांना चालवत होते. रक्ताच्या पिशव्या लागल्या. वरच्या मजल्यावर म्हातारी विचारत होती, ‘हे कुठं गेले?’ आणि तिला ‘गावाले गेले’ म्हणून सांगितलं होतं.

बाबांचा मुलगा अमरावतीहून संध्याकाळी पोचला. तो, डॉक्टर, मी आणि रंजनाबाई, असे चौघं कॅज्युअल्टीच्या दारात उभे होतो. रंजनाबाईंच्या पिशवीतली बाटली मीच काढून डॉक्टरांच्या हातात दिली होती. त्यांनी लेबल वाचलं. तरुण होते, पण शांत माणूस. म्हणाले, याच गोळीनं झालं असं छातीठोकपणे मी सांगू शकत नाही. पंधरा दिवस खाण्यापिण्याचे हाल, महिन्याची तपासणी चुकलेली, त्यानंही बिघडतं. पण रक्त पातळ करायच्या औषधासोबत ही गोळी द्यायला नको होती. मग विचारलं, “ही यांना कोणी दिली?”

“म्या दिली,” रंजनाबाई म्हणाल्या. रडत होत्या, पण आवाज स्पष्ट होता.

“आणि तुम्हाला कोणी दिली?”

रंजनाबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. “माझ्या भाचीनं पाठवली, पुण्याहून.”

तोंड उघडायला मला एक सेकंद पुरला असता. डॉक्टर, बाटली माझी, दुकान माझं, एवढं बोलायचं होतं. मी बोलले नाही. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, तुम्ही आज माणूस वाचवला.” आणि मी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी रक्तस्राव थांबला. बाबा आणि त्यांची बायको एकाच गाडीतून काटोलला गेले, दोघंही वॉकर धरून. निघताना बाबांनी रंजनाबाईंना बोलावलं होतं म्हणे, पण मुलानं जिन्यातच अडवलं. सगळ्या वॉर्डासमोर बोलला. त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही, त्याचा बाप होता. पण बोलणं वॉर्डात राहतं का? आठवडाभरात त्याचं होता होता असं झालं, की त्या मेसवाल्या बाईच्या जेवणातच काहीतरी असतं. एका दवाखान्यानं बाहेरचा डबा आत आणायला मनाई केली, मग दुसऱ्यानं. मेसमध्ये चाळीस ताटं व्हायची तिथं सहा-सात व्हायला लागली. दिवाळीच्या आधी रंजनाबाईंनी खोल्या सोडल्या आणि मानेवाड्याकडे गेल्या. माझा डबा शेवटच्या दिवसापर्यंत आला. त्यात तेव्हाही एक पोळी जास्त होती, आणि मी ती खाल्ली.

मी मात्र सुधारले. त्यानंतर ‘दुसरं औषध चालू आहे का?’ हा प्रश्न मी सोडून दिला. आपल्याकडे काढा, चूर्ण, अर्धी गोळी, भाचीनं पाठवलेली बाटली, यांतलं काहीही औषध धरलं जात नाही. मी विचारायची, “सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं, ते सांगा. आणि ती पिशवी इथं ओता.” पिशवीतून काय काय निघायचं! प्रत्येक बाटलीवर मी पेननं लिहायची: दुसऱ्याला देऊ नका. एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, तर गोळी न देता आधी डॉक्टरकडे हाकलायची, कारण ती आतली गुठळीही असू शकते. एका साडीवाल्याचा जीव त्यानं वाचला. औषधविक्रेत्यांच्या मेळाव्यात मला दोनदा बोलायला लावलं. मोडलेल्या अर्ध्या गोळीवरून मी कसं ओळखलं, हा किस्सा मी तिथं रंगवून सांगितला, टाळ्या घेतल्या. त्यात रंजनाबाई ‘एक भाबडी मेसवाली’ असायची, आणि बाटली पुण्याहून आलेली.

दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. यंदा या दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी तोच किस्सा लिहून काढला. पण लिहिताना हात अडायला लागला. म्हणून कागद घेऊन मानेवाड्याला गेले. रंजनाबाई आता घरूनच पोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. मला पाहून हरखल्या. “या ना मॅडम, बसा! किती दिवसांनी वं माय!” पंखा माझ्याकडे वळवला. स्वतः तव्यापुढे उभ्या. मी वाचत गेले, त्या लाटत ऐकत होत्या. प्राध्यापकांच्या बियांना खूप हसल्या.

संपल्यावर म्हणाल्या, “बेस लिहलं. मी थोडी भैताड, येडी दिसून राहिली, पण होतीच मी भैताड. एक गोठ आहे मात्र. मले भाची नाही. पाच भाऊ, सगळ्याइले पोट्टेच, पोरगी एकालेही नाही.”

“माहीत आहे मला,” मी म्हटलं. “मी ते खोडणार आहे. बाटली मी दिली असं लिहिणार आहे.”

“राहू द्या ना. आता काय त्याचं.” पोळी उलटवत त्यांनी विचारलं, “त्या दिवशी खरं सांगतलं असतं, तर तुमचं दुकान बंद केलं असतं ना त्याइनं? लायसन घेतलं असतं. माझ्या मनात तेच आलं. म्हटलं, माझं काय, मी कुठंही पोळ्या लाटीन. मॅडमचं दुकान गेलं तर मॅडम काय करन?”

मला खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

“नसतं गेलं, रंजनाबाई. त्या गोळीला चिठ्ठी लागतच नाही. डॉक्टरांनी दोन शब्द ऐकवले असते फक्त.”

“तुमाले तेव्हा माहीत होतं हे?”

“होतं.”

लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली, ती त्यांनी हातानंच काढून बाजूला टाकली. “असं होय,” म्हणाल्या. मग दुसरा गोळा घेतला आणि लाटायला लागल्या. मी आणखी थोडा वेळ बसले, मग उठले. त्या दारापर्यंत आल्या, सांभाळून जा म्हणाल्या. दुपारचा एक वाजला होता, डबे भरलेले होते, आणि रंजनाबाईंनी मला जेवून जा म्हटलं नाही.